पोहोकारांच्या झाडातली अनाथ नोंद

अकोल्याच्या बैठकीत आपण स्वतःहून काहीच मागितलं नव्हतं, ते काम आपल्या गळ्यात मारलं गेलं, असं वामनराव पोहोकार आजही सांगतात. पण त्या बैठकीला चाळीसेक माणसं हजर होती. वामनराव कसे उठले, चष्मा कसा पुसला आणि घसा कसा खाकरला, हे त्यांतल्या प्रत्येकाच्या लक्षात आहे.

बैठक होती पोहोकार कुळाच्या पहिल्यावहिल्या संमेलनाची. अमरावती, अकोला, परतवाडा, तेल्हारा असे चहूकडे पांगलेले पोहोकार आणि त्यांचे सोयरे एका मांडवाखाली यावेत, रोडगे-वरण आणि वांग्याची भाजी खावी आणि कोण कोणाचं काय लागतं हे नव्या पोरांना कळावं, अशी कल्पना. अध्यक्ष ओमप्रकाशभाऊ. त्यांचं अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि मंगल कार्यालय त्यांच्या व्याह्यांचं आहे, तेव्हा अध्यक्ष दुसरं कोणी होण्याचा प्रश्नच नव्हता. भाऊंचं म्हणणं इतकंच होतं, की एखाद्या पेंटरकडून वंशावळ लिहून घ्यावी आणि स्टेजच्या मागे टांगावी. तेवढ्यात वामनराव उठले.

"हे पेंटरचं काम नाई," ते म्हणाले. "याचा डेटाबेस करा लागते."

डेटाबेस म्हणजे काय ते कोणालाच नीट माहीत नव्हतं, आणि जे काम आपल्याला कळत नाही ते दुसरा करतो म्हणाला तर त्याला कोणी अडवत नाही. ठराव एकमताने पास झाला. वामनराव एसटीने अमरावतीला परत आले तेव्हा ते 'वंशावळ डेटाबेस समितीचे प्रमुख' होते. समितीत दुसरं कोणी नव्हतं.

आता वामनरावांच्या अधिकाराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वामनरावांनी एका सूतगिरणीत तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं ते तिथे संगणक विभागप्रमुख होते. विभागात एक संगणक, त्यावर घालायचं एक फुलाफुलांचं कव्हर आणि एक प्रमुख. मधे एकदा गिरणीने त्यांना नागपूरला पाच दिवसांच्या डेटाबेस शिबिराला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी ओळखी झाल्या. तिसऱ्या दिवशी माहितीची श्रेणीबद्ध मांडणी शिकवली, म्हणजे झाडासारखी, वर एक, त्याखाली अनेक. चौथ्या दिवशी तक्त्यांची मांडणी शिकवली, ज्यात माणसांचा एक तक्ता, नात्यांचा दुसरा आणि दोघांची जोडणी असते. पण चौथ्या दिवशी वामनरावांचं पोट बिघडलं होतं. पाचव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, ते लॅमिनेट करून साईनगरच्या घरी बैठकीत लावलेलं आहे. त्यावर कोणता दिवस बुडाला याची नोंद नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला, मैनाबाईंना, बातमी सांगितली. मैनाबाई म्हणाल्या, "बरं," आणि भाजी चिरत राहिल्या. पण आतल्या खोलीतून मनकर्णाआत्या बाहेर आली. आत्या म्हणजे वामनरावांच्या वडिलांची बहीण. वय शहाऐंशी. परतवाड्याला दिली होती. विसाव्या वर्षी नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. दोनच वर्षांत वामनरावांची आई गेली. वामन तेव्हा दोन वर्षांचा आणि बहीण थोडी मोठी. दोन्ही लेकरं आत्याने पदराखाली घेतली आणि पुन्हा स्वतःचा असा काही विचार केला नाही. शेतात तिचं नाव नव्हतं, घरावर नव्हतं. शिधापत्रिकेवर होतं, पण तिथे 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या रकान्यात कारकुनाने 'इतर' असं लिहून ठेवलं होतं, ते चाळीस वर्षं तसंच राहिलं.

आत्या म्हणाली, "मोठ्या पडद्यावर साऱ्याइचे नावं येतीन म्हणतं ना, बा? मंग माहंबी लावजो. एकडाव पाहून घेतो म्या."

"पयलं नाव तुहंच," वामनराव म्हणाले. त्या वेळी त्यांना ती अगदी क्षुल्लक मागणी वाटली.

बातमी कॉलनीत पसरली तसे सल्ले सुरू झाले. समोरच्यांनी ताम्रपट करा म्हणून सांगितलं, कारण वीज गेली तरी तो दिसतो. वरच्या मजल्यावरच्यांचं मत पडलं की वंशावळ काढूच नये, त्यात भलतेच हिस्सेदार निघतात. शेजारच्या धोटेवहिनी मात्र म्हणाल्या, "आमचा अंकुर हेच तर करतो."

अंकुर धोटे पुण्याच्या एका कंपनीत डेटा आर्किटेक्ट होता आणि घरून काम करत असल्यामुळे बारा महिने अमरावतीतच दिसायचा. गळ्यात हेडफोन, हातात कॉफी. रोज सकाळी तो इंटरनेटवर माहिती कशी ठेवावी यावर चार ओळी लिहायचा आणि चाळीस हजार माणसं त्या वाचायची. एवढी माणसं आपलं ऐकतात म्हटल्यावर आपल्याला कळतं असं कोणालाही वाटू लागेल. अंकुरलाही वाटत होतं.

गच्चीवर चहा-पोह्यांच्या साक्षीने त्याने वामनरावांना तासभर समजावलं. तक्ते ही मागच्या शतकातली गोष्ट. सगळ्या जगाचा स्वभाव झाडासारखा आहे. एका नोंदीच्या वर एकच नोंद, खाली हव्या तितक्या. गोंधळ नाही, वाद नाही. आणि वंशावळ तर मुळातच वंशवृक्ष. "तुमचं डोमेनच हायरार्किकल आहे, काका," तो म्हणाला. वामनरावांना शिबिराचा तिसरा दिवस आठवला आणि ऊर भरून आला. आपण ज्या दिवशी हजर होतो नेमकं तेच खरं ठरावं, याहून मोठं समाधान कुठलं? सूतगिरणीतही प्रत्येकाच्या वर एकच साहेब असायचा, असं त्यांनी उत्साहाने सांगून टाकलं. वास्तविक त्यांच्या स्वतःच्या वर तीन साहेब होते आणि ते तिघं एकमेकांशी बोलत नसत. पण सिद्धांत जुळत असताना माणूस इतकं बारीक पाहत नाही.

कपबश्या न्यायला आलेल्या मैनाबाईंनी एक प्रश्न विचारला. बाई लग्नाआधी बापाखाली आणि लग्नानंतर नवऱ्याखाली, म्हणजे ती दोन्हीकडे आली ना? अंकुर म्हणाला, दोन्हीकडे नाही चालणार काकू, लग्न झालं की तिला बापाखालून काढून नवऱ्याखाली हलवायचं. कपाट हलवावं तसं तो हे बोलला. मैनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि कपबश्या घेऊन खाली गेल्या.

पहिली अडचण मुळाशीच आली. झाडाला मूळ हवं. पोहोकारांचा मूळ पुरुष कोण, यावर चार घरांनी चार नावं दिली आणि चौघांनीही बाकीच्या तिघांना अडाणी ठरवलं. तेव्हा कागदोपत्री पुरावा आणावा म्हणून वामनराव एका तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी अदबीने विचारलं की ज्यांची जुनी नोंद पाहिजे ते तुमचे कोण? खापरपणजोबा. पुरावा? तोच तर न्यायला आलोय. बाबू म्हणाले, तसं नाही, नाते सिद्ध करायला वंशावळ जोडावी लागेल, मग नक्कल मिळेल. वामनराव म्हणाले की वंशावळ करायलाच नक्कल पाहिजे आहे. बाबूंनी दोन मिनिटं विचार केला. माणूस सहृदय होता. "मंग दोन्ही संगच घेऊन या," ते म्हणाले.

तीन फेऱ्यांनंतर वामनरावांनी झाडाच्या मुळाशी नुसतं 'श्री.' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

दुसरी अडचण मात्र साधीसुधी नव्हती. ती होती वऱ्हाडातली सोयरिक. इथे माणसं पोरगी द्यायची तर माहितीतल्या घरात देतात. मामाची मुलगी करतात. तुमची माझ्या घरी, माझी तुमच्या घरी, असं साटंलोटं करतात. खुद्द मैनाबाई वामनरावांच्या सख्ख्या मामाची मुलगी, आणि वामनरावांची बहीण मैनाबाईंच्या भावाला दिलेली. त्यामुळे मैनाबाईंचे वडील बुधाजी, नव्वदीला टेकलेले, वामनरावांचे मामाही होते, सासरेही होते आणि बहिणीचे सासरेही होते. प्रत्यक्षात ते एकाच खाटेवर बसून ही तिन्ही नाती वर्षानुवर्षं सांभाळत आले होते आणि त्यांना कधी जड गेलं नव्हतं. पण अंकुरच्या झाडाला ते जड गेलं. एका माणसाला एकच जागा.

"सोपं आहे," अंकुर म्हणाला. "कॉपी करा. जिथे जिथे लागतील तिथे त्यांची एक-एक प्रत टाका."

मग वामनराव प्रती काढू लागले. पोहोकारांत दर तिसऱ्या घरी कुठे ना कुठे मामाची मुलगी किंवा साटंलोटं निघत होतं. अकोल्याचा एक पुतण्या काकाला दत्तक गेलेला होता. त्याला दोन बाप होते म्हणून त्याच्याही दोन प्रती झाल्या, आणि त्याच्या मुलांच्या चार. सोयऱ्यांसाठी वेगळी झाडं लावावी लागली. एका झाडाची सदतीस झाली, पार मेळघाट झालं. दोनशे त्रेचाळीस हाडामासाच्या माणसांच्या सहाशे अकरा नोंदी तयार झाल्या. अंकुर म्हणाला, डेटा छान वाढतोय. वामनरावांनी तो आकडा ओमप्रकाशभाऊंना कळवला आणि भाऊंनी तेवढ्या पानांचे रोडगे सांगून टाकले. प्रती जेवत नाहीत, हे दोघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटी अंकुरने त्याच्याकडचं एक साधन चालवून सगळ्या माहितीची साफसफाई केली, सहाशे दहा नोंदी उरल्या, आणि त्या स्वच्छ माहितीवरून निमंत्रणपत्रिका छापायला वामनराव इतवारा बाजारात नईमकडे गेले. नईमचं पत्रिका छपाईचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. चाळिशीचा शांत माणूस. त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"काका, एक बात बोलू का? हे बुधाजीबुवा तीन डाव आले. गाव एक, फोन नंबर एक. तीन पत्रिका छापू?"

"त्यायची नाती तीन हायेत."

"नाती तीन, पन मानूस तर एकच ना," नईम म्हणाला. "मानसायची यादी अलग ठेवा, नात्यायची अलग. मानूस एकदाच लिवाचा. मंग कोन कोनाचा कोन, ते दुसऱ्या यादीत कितीबी डाव लिवा. आमच्या मोहल्ल्याची यादी मी आठ सालापासून तशीच ठेवून राहिलो. आमच्यात तर चाचाची पोरगीबी चालते. तुमच्या झाडावर आमी बसलो असतो तर फांदी कुठं अन् मूळ कुठं, पत्ताच नसता लागला."

वामनरावांना हे फार लागलं. एकीकडे चाळीस हजार माणसं ज्याचं ऐकतात असा पुण्याचा आर्किटेक्ट, आणि दुसरीकडे लॅमिनेशन मशीनवर कोपर टेकून बसलेला इतवाऱ्यातला छपाईवाला. त्यांनी नईमला, छपाईचं तुम्ही पाहा, सिद्धांताचं आम्ही पाहतो, असं थोड्या चढ्या आवाजात सांगितलं. आपलं प्रमाणपत्र याच मशीनमधून निघालं होतं, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. नईम बरं म्हणाला आणि त्याने सहाशे दहा पत्रिका छापल्या. त्यातली पहिली 'श्री.' यांना होती, सहकुटुंब सहपरिवार.

पत्रिका पोचल्या आणि चौथ्या दिवशी वामनरावांचा फोन तापला. पहिला फोन बुधाजींचा. जावयाशी ते नेहमी मान राखून बोलायचे, आजही राखला. "जावईबापू, तीन पत्रिका आल्या. मी इसरभोळा झालो असं कोनी सांगतलं का तुमाले?" वामनराव खुलासा करू लागले की एक मामा म्हणून, एक सासरे म्हणून, तेव्हा बुधाजींनी विचारलं, मग जेवायला कोणती घेऊन येऊ?

पण ज्यांना तीन आल्या त्यांचा राग परवडला. खरा भडका ज्यांना एकच आली त्यांच्याकडे उडाला. लोकांनी पत्रिका पत्त्यांसारख्या हातात धरून फोटो काढले आणि मोबाईलवर टाकले. कोणाच्या हातात चार, कोणाच्या पाच. तेल्हाऱ्याचे गुणवंतराव, सरळ रेषेतले चुलतभाऊ, कुठेही साटंलोटं नाही, त्यांच्या हातात एक. "बुधाजी सोयरा, त्याले तीन. मी घरचा, मले एक," गुणवंतराव म्हणाले. "मी काय तुमाले पावशेर भाऊ वाटतो?" वामनरावांनी त्यांना समजावलं की तुमची माहिती शुद्ध आहे म्हणूनच एक आली. ते ऐकून गुणवंतरावांना वाटलं की आपल्यावर काहीतरी शिंतोडा उडवला जातोय. तेल्हाऱ्याच्या तीस माणसांनी संमेलनाला यायचं नाही असं ठरवलं. ओमप्रकाशभाऊंनी फोन करून फक्त एवढंच विचारलं की पेंटरला काय धाड भरली होती.

हे सगळं वामनरावांनी सहन केलं. थोर कार्यात गैरसमज व्हायचेच, असं ते आरशात पाहून स्वतःला सांगत. पण एका दुपारी ते फोन बंद करून ओसरीवर आले, तर आत्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. धोटेवहिनी म्हणाल्या, चार दिवस झाले, रोज पोस्टमन येऊन जाईपर्यंत बसतात. आत्याला पत्रिकेची वाट होती. ती याच घरात राहते, तिला वेगळी पत्रिका कशाला, असं म्हणावं तर मैनाबाईंना आलेल्या होत्या, दोन. मुलगी म्हणून एक आणि सून म्हणून एक.

संध्याकाळी ती मैनाबाईंना म्हणाली, "तुमी जा सारे अकोल्याले. मी राहीन घरी. घर राखाले कोनी पाह्यजे ना."

मैनाबाईंनी नवऱ्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "लावा तुमचं ते मशीन," त्या म्हणाल्या, "अन् शोधा."

वामनरावांनी मनकर्णा हे नाव घालून शोधलं. सहाशे दहा नोंदींत ते नव्हतं. पुन्हा शोधलं, नव्हतं. 'श्री.' होता, बुधाजी तीनदा होते, गुणवंतरावांचा सहा महिन्यांचा नातू होता. ते तसेच उठून धोट्यांच्या गच्चीवर गेले. अंकुरने लॅपटॉपवर दोन मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाला, "सापडलं. ही अनाथ नोंद होती, काका. साफसफाईत गेली."

त्याने नीट समजावूनही सांगितलं. लग्न झालेली, म्हणून बापाखालून काढलेली. नवऱ्याखाली टाकायची, तर परतवाड्याचं ते घर आपल्या माहितीत नाही. खाली मूल नाही. म्हणजे वर कोणी नाही आणि खालीही कोणी नाही. अशी नोंद कुठेच टांगता येत नाही, म्हणून साधन ती आपोआप काढून टाकतं. त्यात चूक अशी काही नाही.

वामनराव कठड्याला टेकून उभे राहिले. अनाथ तर ते झाले होते, दोन वर्षांचे असताना, आणि ते त्यांना आजवर कधी जाणवलं नव्हतं. जाणवू दिलं नव्हतं ते जिने, तिलाच त्यांच्या हाताने अनाथ ठरवून पुसून टाकलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. गुणवंतरावांपुढे, बुधाजींपुढे, बाबूपुढे वाटली नव्हती तेवढी.

"तिले परत लाव," ते म्हणाले. अंकुरशी ते आजवर शुद्ध बोलत आले होते, ते राहिलं.

अंकुर म्हणाला, तसं करायचं तर मांडणीच बदलावी लागेल. मग बदल, वामनराव म्हणाले. अंकुरने हेडफोन गळ्यातून काढला, कॉफी बाजूला ठेवली. "काका, खरं सांगू का? असा डेटाबेस मी प्रत्यक्षात कधी बनवलेला नाही. आमच्याकडे बनवणारी माणसं वेगळी आहेत. मी त्यावर बोलतो." आणि त्याच सकाळी त्याने झाडांचा जमाना संपला, तक्ते परत येताहेत, असं लिहिलं होतं, तेही त्याने प्रामाणिकपणे दाखवलं. नेहमीपेक्षा जास्त लोकांना ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वामनराव आत्याला ऑटोत बसवून इतवाऱ्यात घेऊन गेले. वाटेत त्यांनी नईमशी काय बोलायचं याची तीन भाषणं जुळवली होती, ती दुकानाच्या पायरीवरच विरघळली. "नईमभाई," ते म्हणाले, "चौथ्या दिवशी माहं पोट बिघडलं होतं." नईमला यातलं काही कळलं नाही. पण आत्याला बघून त्याने खुर्ची पुढे केली, आतून चहा मागवला आणि दोन कोऱ्या याद्या उघडल्या. एकीत माणसं, एकेकदा. दुसरीत नाती, हवी तितकी.

दुसरी यादी भरायची म्हणजे नाती तोंडपाठ असलेलं कोणी हवं होतं. वामनरावांकडे घरोघरून भरून घेतलेले चारशे फॉर्म होते, ते एकमेकांना खोटं पाडत होते. आत्याने एकही फॉर्म पाहिला नाही. तीन दुपारी ती त्या खुर्चीत बसली आणि सांगत गेली. हा याचा मावसभाऊ, पण बायकोकडून साडूही लागतो. ही तिची नणंद आणि वहिनी दोन्ही. तो दत्तक गेला तेव्हा त्याला गोवर निघाला होता, म्हणून विधी पुढे ढकलला. दत्तक पुतण्या दोन बापांसकट दोन ओळींत बिनबोभाट बसला. बुधाजी एकदाच आले, त्यांची नाती तीन ओळींत आली, आणि नईमला घामही फुटला नाही. मूळ पुरुषाचं नावही आत्याला माहीत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दुपारी दोनशे बेचाळीस माणसं भरून झाली.

"अन् तुमी, आत्या? वामनकाकाच्या कोन?" नईमने विचारलं.

"आत्या लिव. दुसरं काय लिवतं?"

नईमने लिहिलं. आत्याला ऑटोत बसवल्यावर वामनराव चष्मा विसरला म्हणून दुकानात परत गेले आणि नईमला आणखी एक ओळ घालायला सांगून आले. चष्मा खिशातच होता.

मग नात्यागणिक नाही, माणसागणिक एकच, अशा नव्या पत्रिका गेल्या. सोबत वामनरावांच्या सहीचं माफीपत्र गेलं, ते मैनाबाईंनी सांगितलं आणि वामनरावांनी लिहून घेतलं. गुणवंतरावांनी ते तेल्हाऱ्यात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि तीसच्या तीस माणसं आली. अंकुरने या अनुभवावर इंटरनेटवर लिहिलं, 'एका खेडवळ कुळाने मला तक्त्यांबद्दल काय शिकवलं', आणि ते साठ हजार लोकांना आवडलं. पोहोकार अमरावतीसारख्या शहरात राहतात, हे त्याला कोणी सांगायला गेलं नाही.

संमेलनाच्या दिवशी मंगल कार्यालयात रोडग्यांचे ढीग लागले होते. आचारी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता की उरलेली साडेतीनशे माणसं कोणत्या गाडीने येताहेत. स्टेजवर मोठा पडदा होता आणि ओमप्रकाशभाऊ लॅपटॉपपाशी उभे होते. वामनरावांच्या कामावर त्यांचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता, म्हणून परीक्षा घ्यावी तसं त्यांनी स्वतःच पहिलं नाव टाइप केलं. वामन पोहोकार.

पडद्यावर ओळी आल्या. वडील. बहीण. बायको. मामा, बुधाजी. सासरे, बुधाजी. बहिणीचे सासरे, बुधाजी. पुढच्या रांगेत बसलेल्या बुधाजींनी तीनदा मान डोलावली आणि मंडळी हसली. आणखी ओळी सरकल्या. आत्या, मनकर्णा. आई, सुभद्रा. आणि त्याखाली पुन्हा, आई, मनकर्णा.

मग गुणवंतराव उठले. त्यांच्या आवाजात खट्याळपणा होता, पण थोडी कीवही होती. "वामनराव, अजून चुकलंच. माय दोन डाव आली."

साऱ्यांच्या माना वळल्या. गेल्या दोन महिन्यांत वामनरावांनी प्रत्येक चुकीवर किमान वीस मिनिटं खुलासा केला होता, त्यामुळे लोक खुर्च्यांत सावरून बसले. वामनराव उठले. त्यांनी चष्मा पुसला नाही की घसा खाकरला नाही.

"चुकलं नाई," ते म्हणाले. "मले दोन हायेत." आणि खाली बसले.

आत्या मैनाबाईंच्या शेजारी बसली होती. तिला इतक्या लांबचं दिसत नव्हतं. तिने मैनाबाईंचा हात ओढला आणि विचारलं, काय लिहिलं आहे तिथे? मैनाबाईंनी तिच्या कानाशी वाकून वाचलं. आत्या पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आयकू नाई आलं. पुन्हा वाच."

आत्याचे डोळे मंदावले होते, पण तिचे कान शाबूत होते. दोन खोल्या पलीकडची कुजबुज तिला ऐकू यायची, हे साऱ्या पोहोकारांना माहीत होतं. मैनाबाईंनी पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने.

"अजून एकडाव," आत्या म्हणाली.

जेवणाची पंगत त्या दिवशी अर्धा तास उशिरा बसली.